रस्त्याला चिकटलेला ठिपका

नकाशा सांगत होता की ताई माझ्यासमोर उभी आहे.

मी गणपतीच्या वळणावर कठड्याला टेकून हातातल्या फोनकडे बघत होतो. पडद्यावर घाटाचा रस्ता, रस्त्याचं वळण, वळणावर निळा ठिपका आणि ठिपक्याशेजारी नाव, वैजयंती. तिथेच दुसरा ठिपका माझा. दोन्ही एकमेकांना टेकलेले. मान वर केली की समोर नुसतं धुकं. हात लांब केला तर स्वतःची बोटं पुसट व्हावीत इतकं दाट.

"ताई!" मी ओरडलो.

शेजारी ओढा रस्त्याखालच्या मोरीतून दरीत कोसळत होता. त्या आवाजात माझी हाक मलाच धड ऐकू आली नाही.

तेवढ्यात ठिपका सरकला. वळणाच्या वरच्या अंगाला थोडा गेला, थांबला, मागे फिरला आणि माझ्या ठिपक्यावरून पलीकडे गेला. नकाशात माझी सख्खी बहीण माझ्या आरपार चालत गेली आणि मला साधा धक्काही लागला नाही. मी दचकून बाजूला झालो. कुणाला वाट देत होतो, देव जाणे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमची कंपनी तेव्हाही नकाशेच करायची. कागदाचे नाहीत, संगणकावर उघडायचे. ताईने ती सुरू केली. अश्लेषा नावाची तिची कॉलेजातली मैत्रीण सगळं सॉफ्टवेअर लिहायची आणि ज्याला दुसरं काही येत नाही असा मी, गिऱ्हाइकांशी बोलायचो. त्या वर्षी आम्हाला या घाटाचं डिजिटल ट्विन करायचं काम मिळालं होतं. आईला ते समजावताना ताई म्हणाली होती, "डोंगराचं जुळं गं. हुबेहूब तसाच डोंगर, पण संगणकात. कुठे दरड सैल झाली, कुठे दगड सुटला, हे आधी त्या जुळ्यात दिसलं पाहिजे."

"आणि खऱ्याला कोण बघणार?" आईने विचारलं होतं. आम्ही हसलो होतो.

असं जुळं करायला ड्रोनने डोंगराचे फोटो काढतात. त्याआधी डोंगरावर ठिकठिकाणी काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पाट्या ठेवायच्या, त्यांची जागा नेमकी मोजायची, म्हणजे फोटो एकमेकांना बरोबर जुळतात. उन्हाळ्यात एकदा सगळं झालं होतं. पावसाने डोंगर किती हलला ते बघायला आम्ही नवरात्राच्या आधी पुन्हा आलो होतो. सकाळी पाट्या मांडल्या आणि दुपारी जेवणाचे डबे उघडले तोवर धुकं खिंडीतून खाली उतरलं. ड्रोन उडणं शक्य नव्हतं. आम्ही पाट्या गोळा करायला लागलो. शेवटची एक राहिली. ती वरच्या रस्त्यापलीकडे, डोंगराच्या गवताळ सोंडेवर होती.

"तू गाडी घेऊन खाली गणपतीच्या वळणावर जा," ताई म्हणाली. "मी पाटी उचलते आणि पायवाटेने उतरते. तू वळसा घालून येईपर्यंत मी तिथे बसलेली असेन."

"राहू दे ना ती पाटी. उद्या नेऊ."

"उद्या एखादा गुराखी तिचं छप्पर करेल."

"ताई, नको जाऊस. मला भीती वाटते."

ती हसली. ताईचं हसणं मोठं होतं, पुरुषासारखं, मान मागे टाकून. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! सुब्या, तुझं कसं व्हायचं रे?" असं म्हणून तिने रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढली, फोन छातीच्या खिशात टाकला आणि निघाली. चार पावलांत धुक्याने तिला गिळलं.

तिचं हसणं मला लागलं नाही. लहानपणापासून आमच्या घरात कामांची ही वाटणीच होती. न्हाणीघरात धामण निघाली तेव्हा मी पाटावर चढून बोंब मारली होती आणि ताईने ती शेपटीला धरून परसात नेऊन सोडली होती. घाबरायचं माझ्याकडे, बाकीचं सगळं ताईकडे.

मी खाली आलो, गाडी वळणावर लावली. ताई आली नव्हती. गाडीच्या टपावर वरून बारीक खडी पडली, टपटप. दरडीच्या घाटात काम करून मी एवढं शिकलो होतो की खडी गळायला लागली की तिथे थांबायचं नाही. मी गाडी मागे घेतली, चांगली लांब. मग ताईला फोन लावला. रिंग जात होती, ती उचलत नव्हती. त्यात नवल नव्हतं. साइटवर तिचा फोन कायम मुका, खिशात नुसता गुरगुरायचा. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. हॉर्न वाजवत बसलो. शेवटी आमचाच नकाशा उघडला, ज्यात साइटवरच्या प्रत्येकाचा ठिपका दिसतो. ताईचा ठिपका वळणावरच बघून जिवात जीव आला. म्हणून चालत पुढे आलो, तर हे असं.

"कोन हाय त्ये?"

धुक्यातून आवाज आला आणि माझ्या हातातून फोन पडता पडता राहिला. पिवळं जाकीट घातलेला, खांद्यावर फावडं टाकलेला माणूस पुढे आला. लिंबाजी कोकरे. या घाटाचा मैलकुली, म्हणजे रस्त्यावर आलेली दरड उपसणारा, गटारं मोकळी करणारा, बांधकाम खात्याचा माणूस. सकाळी ताईने त्याच्याकडूनच तंबाखूचा चुना मागून घेतला होता, जळू काढायला.

"मामा, ताई दिसली का?"

"न्हाई बा. मी वरनं चालतच आलो. वाटंत कुनी न्हाई."

"ती इथेच आहे. हे बघा."

त्याने फोनमध्ये वाकून बघितलं. "ह्यो टिपका ताईसायब?"

"हो."

"मंग दिसंना कशी?"

आम्ही दोघांनी वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता धुंडाळला. गटारात बघितलं, मोरीत वाकलो, गणपतीच्या घुमटीमागे गेलो. प्रत्येक वेळी ठिपका आमच्या जवळच, कधी पुढे, कधी मागे. कोकरेमामा कठड्यावर पोटावर पडले आणि त्यांनी दरीच्या बाजूचं गवत हाताने चाचपलं.

"हितनं कुनी खाली गेल्यालं न्हाई. गवात ताठ हाय."

मला हायसं वाटलं, पण घटकाभरच. खाली नाही, रस्त्यावर नाही, मग कुठे? पडद्यावर ठिपका पुन्हा निघाला. वर गेला, थांबला, परतला. मामांनी ते बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सायब, ह्यो चकवा हाय."

"काय?"

"चकवा लागलाय ताईसायबास्नी. मानूस हितल्या हितंच फिरत ऱ्हातंय अन् त्येला वाट गावत न्हाई. आपुन बाजूला असलो तरी त्येला दिसत न्हाई, अन् आपल्याला त्ये दिसत न्हाई. आमच्या आज्याला ह्याच वळनाला लागल्याला."

एरवी मी हसलो असतो. उपग्रह कसे काम करतात हे मी मोठमोठ्या साहेबांना चहा पिता पिता समजावलेलं होतं. पण त्या क्षणी माझ्या हातात जो पुरावा होता, तो आमच्याच कंपनीचा होता आणि तो मामांच्या बाजूने होता. माझी पाचावर धारण बसली. कठड्याला घट्ट धरून मी अश्लेषाला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई सापडत नाहीये," मी म्हणालो.

"दिसतेय की," अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज ऑफिसातला होता, पंख्याखालचा. "गणपतीच्या वळणावर. तूही तिथेच आहेस."

"मी आहे. ती नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये, अश्लेषा! मी तिच्या ठिपक्यावर उभा आहे आणि इथे कोणी नाही!"

ती सावकाश बोलली. "सुबोध, ती रस्त्यावर दिसतेय कारण आपण तिला रस्त्यावर ठेवतो."

मला आधी कळलं नाही, आणि मग घंटागाड्या आठवल्या.

एका नगरपालिकेच्या घंटागाड्यांचा नकाशा आम्ही केला होता. फोनला स्वतःची जागा कळते, पण काही हातांची चूक असतेच. त्यामुळे घंटागाड्या नकाशात घरांवरून, विहिरींवरून, देवळातून चालत जायच्या. एका नगरसेवकाने स्वतःच्या स्वयंपाकघरात कचऱ्याची गाडी उभी असलेली बघितली आणि भर बैठकीत आमची शोभा केली. तेव्हा अश्लेषाने तोडगा काढला. कुठलाही ठिपका आला की तो जवळात जवळच्या रस्त्याला नेऊन चिकटवायचा. गाड्या एकदम शहाण्यासारख्या चालायला लागल्या. सगळे खूश झाले. त्या दिवसापासून आमच्या नकाशात कोणी रस्ता सोडतच नव्हतं.

"खरी जागा आहे ना कुठेतरी?" मी विचारलं.

"आहे. फोनने पाठवलेली कच्ची जागा आपण साठवतो. थांब." तिची बोटं चालल्याचा आवाज आला. "रस्त्यावर नाहीये ती. डोंगराच्या अंगाला आहे. पण हे... हे तर कड्यात येतंय. सपाट नकाशात काही कळत नाही. ट्विनमध्ये टाकून बघते."

आम्ही थांबलो. मामा माझ्या फोनकडे बघत होते, मी धुक्याकडे.

"हं. उघडलं. आमच्याकडे ऊन आहे," ती म्हणाली. उन्हाळ्यातल्या फोटोंवरून केलेलं जुळं, त्यात कायम लख्ख दुपार असायची. "तुझं वळण दिसतंय. घुमटी दिसतेय. घुमटीसमोर कडा. कड्यात मधेच एक बाक आहे, पुढे आलेला. बाकावर झाड आहे. सुबोध, सगळे बिंदू त्या झाडाभोवती पडतायत."

"म्हणजे कुठे?"

"वर बघ."

मी वर बघितलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. आणि मला ती खडी आठवली. गाडीच्या टपावर टपटप पडलेली. मी तिला घाबरून गाडी लांब नेली होती.

इतका वेळ आम्ही खाली शोधत होतो आणि ताई आमच्या डोक्यावर होती.

"ताई!" मी कड्याकडे तोंड करून ओरडलो. ओढा तेवढा बोलत होता.

"उंबराचा बाक," मामा म्हणाले. "वरल्या रस्त्यानं पायवाटंला लागल्या असत्याल अन् पायाखालचा घसारा सुटला असंल. हितनं चढाया येत न्हाई. वरनं दोर टाकून उतराय लागतंय. सुटं दगड पाडाया आमी उतरतो तितं, पर उन्हाळ्यात. आता समदी माती फुगल्याली हाय." मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "सायब, जित्या हायत नव्हं?"

"आहे ना! ठिपका हलतोय की! तुम्हीच बघितलंत, वर-खाली करतोय!"

मी फोन तोंडाजवळ धरला.

"अश्लेषा, हलतोय ना?"

"सुबोध," ती म्हणाली, "कच्चे बिंदू असेच नाचतात. फोन दगडावर ठेवून दिला तरी नाचतात. कड्याजवळ तर जास्तच. ते हलणं खरं नसतं."

इतका वेळ मी त्या हलण्यावर उभा होतो, ते एका वाक्यात पायाखालून गेलं. मी खाली बसलो, ओल्या डांबरावरच. ताई मेली, हा विचार मी तेव्हा पहिल्यांदा शब्दांत केला. आईला कोण सांगणार, हा दुसरा.

मामा माझ्याशेजारी उकिडवे बसले. "राग मानू नगा सायब. मेल्याल्यासाठी जित्यानं उतरू न्हाई. माझा धाकला भाऊ तसाच गेला. दरडीखालचं मढं काढाया उतारला अन् वरनं दुसरी दरड आली. तालुक्याला दोरवाली पोरं हायत, त्यांस्नी मी सांगावा धाडतो. पर त्येंला याला अंधार पडंल, अन् ती उजाडल्याबगार उतरायची न्हाईत."

"आणि जिवंत असली तर?"

"तर ह्यो निघालो. आत्ता. गाडीत दोर हाय नव्हं तुमच्या?"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी माझे हात बाजूला केले, प्रेमाने, पण केले. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

"थांबा!" अश्लेषा फोनमधून ओरडली. "सुबोध, थांब. बॅटरी वाचवायला आपण काय केलंय? फोन हलला तरच जागा पाठवायची. नुसता पडून राहिला तर तो गप्प बसतो. ताईचा फोन गप्प नाहीये! अजून पाठवतोय!"

"म्हणजे ती हलतेय?"

"काहीतरी हलतंय." तिचा आवाज चढला होता, तो मधेच उतरला. "सुबोध, तू तिला फोन लावतोयस का?"

"सारखा. तुझ्याशी बोलायच्या आधीपर्यंत. आत्ताही दुसऱ्या फोनवरून लावतोय." माझ्या डाव्या हातात कंपनीचा दुसरा फोन होता आणि माझा अंगठा आपोआप त्याच नंबरावर जात होता.

"तिचा फोन खिशात गुरगुरतो. तुझा प्रत्येक कॉल तो फोन हलवतो. कदाचित तूच हलवतोयस त्याला."

मी हातातल्या फोनकडे बघितलं. तिथे अजून रिंग जात होती.

"बंद कर," अश्लेषा म्हणाली. "आता लावू नकोस. तू लावला नाहीस आणि तरी बिंदू आला, तर ती आहे."

"आणि नाही आला तर?"

"आधी बघू तर."

"मी थांबलो तर तिला वाटेल मी सोडून गेलो," मी म्हणालो. माझा आवाज लहान मुलासारखा निघाला. "तिला तेवढंच ऐकू येत असेल, अश्लेषा. तेवढी गुरगुरच."

"कर बंद."

मी कॉल तोडला.

त्यानंतर जी भीती वाटली ती पुन्हा कधी वाटली नाही आणि वाटू नये. साप, अंधार, उंची, परीक्षा, या सगळ्यांना मी घाबरलेलो आहे. पण त्या भीतींत निदान काहीतरी करता येतं. पळता येतं, ओरडता येतं. इथे काहीच न करणं हेच काम होतं. फोन हातात आणि अंगठा मुठीत दाबून धरलेला. धुक्याचा पांढरा रंग जाऊन ते राखाडी व्हायला लागलं होतं. मामा घुमटीच्या पायरीला हात लावून उभे होते. मी त्या गणपतीला काय बोललो ते कुणाला सांगितलेलं नाही.

"काही?" मी विचारलं.

"नाही."

ओढ्याचा आवाज वाढल्यासारखा वाटला.

"अश्लेषा?"

"नाही रे. थांब."

मामांनी टोपी डोक्यावर घातली. मला वाटलं, आता हे निघणार, आपल्या घरी निघणार आणि मी इथे या ठिपक्याजवळ एकटा राहणार.

"आला," अश्लेषा म्हणाली.

"काय?"

"आला! एक आला. जुना नाही, आत्ताच्या वेळेचा आहे. थांब... अजून एक. अजून एक, सुबोध! ती आहे! कोणीतरी हलवतंय तो फोन!" आणि ती रडायला लागली.

मी वळलो तर मामा गाडीकडे पळत होते. एवढ्या वयाचा माणूस असा पळताना मी बघितला नव्हता.

वरच्या रस्त्यावर दोर गाडीच्या हुकाला बांधला. मामा आधी उतरले, मागून मी. मी उतरलो यात शौर्य काही नव्हतं. वर एकटं थांबायची मला जास्त भीती वाटत होती. पायाखालची माती लोण्यासारखी सुटत होती, गवत मुठीत उपटून येत होतं. अश्लेषा खिशातून सांगत होती, "डावीकडे व्हा. अजून. तुमच्या खाली मोठा काळा दगड लागेल, त्याच्या पलीकडे उतरा." आम्हाला दगड दिसायचा तो पाय टेकल्यावर. तिला आधीच दिसत होता, उन्हात.

"हाय!" खालून मामांची हाक आली. "सायब, हाय! डोळं उघडं हायत!"

ताई उंबराच्या बुंध्याला अडकली होती. एक हात अंगाखाली चेपलेला, दुसऱ्या हाताने बुंध्याला मिठी. उजवा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की मी दुसरीकडे बघितलं. ओठ निळे. दात इतके वाजत होते की मला तो आवाज ओढ्याच्या आवाजातही आला. मी माझं जाकीट तिच्यावर टाकलं आणि तिचं डोकं धरलं. ती काहीतरी म्हणत होती. मी कान जवळ नेला.

"पाटी... राहिली."

मी हसलो की रडलो ते आठवत नाही. मामा हसले एवढं नक्की.

तालुक्याची दोरवाली मुलं दिवस मावळता मावळता पोचली. खाली जिवंत माणूस आहे म्हटल्यावर ती उजाडायची वाट बघत थांबली नाहीत. ताईच्या पायात सळई बसली, दोन बरगड्या जुळल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात ती काठी टेकत पुन्हा घाटात आली. नकाशातही आम्ही एक बदल केला. माणसाचा ठिपका आता रस्त्याला चिकटत नाही. तो जिथे असेल तिथे दिसतो, विहिरीत तर विहिरीत.

आणि एक गोष्ट तयार झाली. ती मीच तयार केली, बोलणं हेच माझं काम. कड्यात अडकलेल्या बाईने मोडक्या पायानिशी डोकं शाबूत ठेवलं. आपलं ॲप फोन हलला तरच जागा पाठवतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती फोन हलवत राहिली. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी ही गोष्ट सांगायचो. माना डोलायच्या. कामं मिळायची. ताई शेजारी बसून नुसती स्मित करायची, आणि मला वाटायचं, आमच्या वैजूताईला मोठेपणाही मिरवता येत नाही.

परवा ऑफिसात नव्या इंजिनिअर मुलीने एक सूचना मांडली. आमचं ॲप फारच बारीक हालचालीला जागं होतं, त्यात फोनची बॅटरी जाते. ती मर्यादा थोडी वर न्यावी. माणूस निदान पाऊलभर चालला तर जागं व्हावं. सगळ्यांना पटलं. अश्लेषालाही पटलं.

"नाही," ताई म्हणाली. "आहे तेवढीच राहू दे."

"पण मॅडम, एवढ्या बारीक हलण्याचा उपयोग काय?"

"राहू दे म्हटलं ना." ताई उठून काठी टेकत गच्चीत गेली.

मी दोन कप चहा घेऊन तिच्या मागे गेलो. ती खालची वाहनं बघत उभी होती. केस पांढरे झालेत तिचे आता.

"त्या मुलीचं बरोबर होतं," मी म्हणालो. "तू फोन जोरजोरात हलवत होतीस. मर्यादा वर नेली तरी तो हलवलेला कळलाच असता."

"मी फोन हलवलाच नाही रे," ताई म्हणाली.

मला वाटलं, ती थट्टा करतेय.

"एक हात अंगाखाली होता. दुसरा झाडाला. सोडला असता तर गेले असते. तू बघितलंस की. कशाने हलवणार? आणि फोन आहे हे आठवत तरी कुठे होतं? ॲप कसं चालतं हे आठवायला डोकं जाग्यावर लागतं." तिने कप दोन्ही हातांत धरला. "तू खालून हॉर्न वाजवत होतास, तो ऐकू येत होता. तोंडातून आवाज फुटत नव्हता. मग तोही बंद झाला. छातीवर फोन गुरगुरायचा, तो बंद झाला. मला वाटलं, गेला हा. आणि मग मी जी थरथरायला लागले, सुब्या, ती थांबेचना. नुसती थंडी नव्हती ती. खिशातला फोन बरगडीवर टकटक आपटत होता, एवढी."

बिंदू आला तो मी कॉल तोडल्यानंतर. मी तिला सोडून गेलो असं तिला वाटल्यानंतर.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू छान सांगायचास ती गोष्ट."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबला. ताईच्या कपातला चहा किंचित हलला. तो तिने लगेच ओठांना लावला.

"पण त्याआधी?" मी विचारलं. "धुक्यात एकटी निघालीस. मी नको म्हणत होतो तेव्हा? तेव्हा तर नाही ना वाटली भीती?"

"वाटली की. पाय लटपटत होते."

"अगं, मग हसलीस कशाला?"

"तू आधी बोललास," ताई म्हणाली. "दोघांनी घाबरून कसं चाललं असतं?"